सहा ताटं

परवा आमच्याकडे पाहुणे होते. पानं घ्यायची वेळ झाली तशी नातीला म्हटलं, "सहा ताटं मांड गं." वय वर्षं साडेचार. शंभरापर्यंत आकडे घडाघडा म्हणते, तेव्हा सहा म्हणजे काहीच नाही! थोड्या वेळानं बघते तर आठ ताटं. "मोजलीस का?" "हो आज्जी." आणि मोजूनही दाखवली. बोट पुढे पळत होतं, तोंड मागून येत होतं. आठ ताटांवर सहा आकडे आरामात बसले.

आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं, हे मला आजी झाल्यावर ताटांनी शिकवलं.

तिचा दोष नाही. बालवाडीतून रोज वही येते. एक ते पन्नास लिहून आणा. वही उघडली की हिचं पोट दुखतं. (दोनदा डॉक्टरांकडे नेऊन आणलं. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, हे नंतर ध्यानात आलं!) आणि मीही काही कमी नाही. आल्यागेल्यासमोर "शंभर म्हणून दाखव" हा कार्यक्रम माझाच.

त्या दिवशी मात्र चूक दाखवली नाही. नुसतं विचारलं, "हे ताट कुणाचं?" मग ती एकेका ताटापाशी गेली. हे काकांचं, हे काकूंचं, हे बाबाचं... शेवटी दोन उरली. "ही कुणाचीच नाहीत!" म्हणत स्वतःच उचलून आत ठेवून आली.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मी तो चिंचोके घेऊन केला. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी, समोरासमोर. सारखे आहेत? हो. मग तिच्यादेखतच एक ओळ लांब पसरली. आता? "हिच्यात जास्त!" सूनबाई म्हणाली, "अहो आई, सांगा ना तिला." सांगून काय होणार? पियाजेच्या मते ही समज साधारण सहाव्या-सातव्या वर्षाकडे येते, आणि ती वस्तू हाताळूनच येते, सांगून नाही. वहीत पन्नास आकडे गिरवताना हाताळायला मिळते ती फक्त पेन्सिल.

आणि घरातलं हाताळणंही आपणच कमी करत आणलंय. सागरगोटे गेले. वाण्याकडे दहाची नोट देऊन दोन रुपये परत आणणंही गेलं, आता फोन दाखवला की काम झालं. कौतुकानं विकत आणलेल्या 'शैक्षणिक' खेळण्याला बटण असतं. ते दाबलं की खेळणंच मोजतं, मूल ऐकतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर बाजू मांडत होत्या आणि आपण सगळे विनोद करत होतो. मीही केले. आज वाटतं, अडचण त्यांनी अचूक ओळखली होती. वीस आणि नऊ कळलेल्या मुलाला एकोणतीस कसं सुचावं? तरी मला एकोणतीस सोडवत नाही. एक उणे तीस! शब्दातच वजाबाकी आहे. फक्त ती डोळ्यांना दिसायला हवी.

ती आम्हाला सापशिडीवर दिसली. पटावर तीस हे ओळीचं शेवटचं घर, एकोणतीस त्याच्या एक अलीकडे. काल बाईसाहेब सत्तावीसवर होत्या, फाशावर दोन पडले. सोंगटी टक् टक् सरकवून त्या पुढच्या घराकडे बघत राहिल्या. "आज्जी, एकच कमी आहे तिसाला."

मी म्हटलं, "म्हणून तर त्याला एकोणतीस म्हणायचं."

"हो?" असं म्हणून तिनं फासा माझ्या हातात दिला. मला पाच पडले. थेट सापाच्या तोंडात. त्यानंतर अर्धा तास ती नुसती हसत होती, आणि वही दप्तरातच राहिली.