डोळे कोण बघणार?

आयसीयूतल्या पेशंटची फाईल म्हणजे आकड्यांची एक्सेल शीटच! पल्स, बीपी, ऑक्सिजन, युरिन किती, क्रिएटिनिन किती. ऑफिसातून सुटून थेट हॉस्पिटल गाठणारी आपली पिढी हे सगळं दोन दिवसांत पाठ करते आणि फॅमिली ग्रुपवर अपडेट्सही टाकायला लागते. मग एके दिवशी ब्लड कल्चरच्या रिपोर्टवर 'यीस्ट' असा शब्द येतो. यीस्ट? पावात घालतात ते?

ते नव्हे, त्याच्या भाऊबंदांपैकी एक. नाव कँडिडा. एरवी ही बुरशी आपल्या तोंडात, आतड्यांत, त्वचेवर गुपचूप राहत असते. अगदी तुमच्या-माझ्यासुद्धा. पण अँटिबायोटिक्सचा मारा सुरू झाला की तिला दाबून ठेवणारे बॅक्टेरिया मरतात. त्यात मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन असते, पोटाचं ऑपरेशन झालेलं असतं, किंवा केमोमुळे पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. एवढी फट तिला पुरते, आणि बाईसाहेब थेट रक्तात! भारतातल्या 27 आयसीयूंची एक पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात दर हजार ॲडमिशन्समागे साधारण साडेसहा पेशंट्सच्या रक्तात कँडिडा सापडली होती.

रक्तातून ती कुठेही जाऊ शकते. डोळ्यातही. कारण डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. (2021 मधली 'काळी बुरशी' आठवली ना? ती वेगळी. ती नाक आणि सायनसमधून डोळ्याकडे सरकायची. ही आतून येते, त्यामुळे सुरुवातीला डोळा बाहेरून एकदम नॉर्मल दिसू शकतो.)

तपासणी तशी साधी. डोळ्यांत थेंब टाकायचे, अर्ध्या तासात बाहुल्या मोठ्या होतात. मग डोळ्यांचे डॉक्टर कपाळावर दिवा लावून, हातात भिंग धरून पडदा बघतात. कॉटवरच. सुई नाही, मशीनमध्ये नेणं नाही. पडद्यावर सायीसारखे पांढरट ठिपके दिसतात का, हे बघायचं असतं. बुरशी पुढच्या काचेसारख्या जेलमध्ये उतरली असेल, तर तिथे कापसाचे गोळे ओवल्यासारखे दिसतात. डॉक्टर लोक त्याला चक्क 'मोत्यांची माळ' म्हणतात!

पण बघून फायदा काय? खूप. कँडिडासाठी हल्ली बहुधा आधी सुरू होतात ती कॅस्पोफंजिनसारखी इंजेक्शन्स. रक्तात ती उत्तम काम करतात, डोळ्याच्या आत मात्र नीट पोचत नाहीत. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल पोचतात. म्हणजे डोळ्यात काही सापडलं, तर औषध बदलू शकतं. रक्त साफ झाल्यावर दोन आठवड्यांत संपणारा कोर्स निदान चार-सहा आठवड्यांवर जातो. जेलपर्यंत प्रकरण गेलं असेल तर डोळ्यात इंजेक्शन, कधी ऑपरेशनही. न बघता रक्ताचा रिपोर्ट क्लीन आला म्हणून औषध थांबवलं, तर डोळ्यातली बुरशी तिथेच!

आता गंमत बघा. अमेरिकेत यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. तिथल्या इन्फेक्शनतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 च्या गाइडलाइनमध्ये सांगितलं होतं, की रक्तात कँडिडा आलेल्या प्रत्येकाचे डोळे उपचाराच्या पहिल्या आठवड्यात तपासा. 2021 मध्ये नेत्रतज्ज्ञांची अकादमी म्हणाली, तक्रार नसेल तर सरसकट तपासणी नको. त्यांच्या बाजूने आकडे आहेत. 2020 च्या एका आढाव्यात डोळ्याच्या आतलं खरंखुरं गंभीर इन्फेक्शन शंभरात एकापेक्षाही कमी पेशंट्समध्ये निघालं. शिवाय डायबिटीस, बीपीमुळेही पडद्यावर पांढरे ठिपके येतात. त्यांनाच बुरशी समजून डोळ्यात सुई टोचली गेली, तर भलतंच.

पटण्यासारखं आहे. पण 'तक्रार नसेल तर' म्हणजे नेमकं काय, बॉस? जो माणूस व्हेंटिलेटरवर आहे, झोपेच्या औषधाखाली आहे, तो तक्रार करणार कशी? समोर काळे ठिपके तरंगतात, धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, हे सांगायला आधी जागं तर असावं लागतं. माझं मत विचाराल, तर जो बोलू शकत नाही त्याचे डोळे बघितलेच पाहिजेत. जो बोलतो, त्याला रोज विचारा. तेसुद्धा 'बाबा, बरं दिसतंय ना?' असं नव्हे, कारण आपले बाबा 'हो' म्हणून मोकळे होतात. एक डोळा झाकायला लावा, समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा. मग दुसरा.

राउंडच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, 'डॉक्टर, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावणार आहात का?' केमोवाल्या पेशंटसाठी ते कदाचित 'थोडं थांबू' म्हणतील. ती टाळाटाळ नसते. ते पांढरे ठिपके उठून दिसायला पांढऱ्या पेशीच लागतात, म्हणून काउंट वर येईपर्यंत थांबतात.

आणि डोक्याला मार लागलेला पेशंट असेल, तर थेंब कधी टाकले ते फाईलमध्ये लिहिलंय ना, तेवढं बघा. नाहीतर रात्रपाळीच्या सिस्टर टॉर्च मारणार, मोठ्या झालेल्या बाहुल्या बघणार, आणि मध्यरात्री सगळ्यांचीच पळापळ!