बिल्ड नंबर हाताने वाढवण्याची पद्धत बंद करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. तंत्रज्ञान विभाग प्रमुख,
हिंजवडी, पुणे.

विषय : मोबाइल अ‍ॅपचा बिल्ड नंबर सीआय यंत्रणेकडून आपोआप दिला जावा, याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे मोबाइल विभागातले डेव्हलपर आणि टेस्टर हे निवेदन सादर करत आहोत. मागणी छोटी आहे. तोंडी तीनदा सांगून झाली, म्हणून आता लेखी देतो.

आपल्या फ्लटर अ‍ॅपच्या पबस्पेक फाइलमध्ये व्हर्जनच्या ओळीत अधिक चिन्हापुढे जो आकडा असतो, तो दर रिलीजआधी कोणीतरी हाताने वाढवतो आणि एक्सेल शीटमध्ये टिपून ठेवतो. तो वाढवायचा राहिला की काय होते, हे गेल्या महिन्यातल्या शुक्रवारी सर्वांनी पाहिले. आयफोनचा बिल्ड चाळीस मिनिटे चालला, साइन झाला, अपलोडला लागला आणि मग अ‍ॅप स्टोअर कनेक्टने हा नंबर आधीच वापरलेला आहे म्हणून नाकारला. आकडा बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्ले स्टोअर तर एकदा वापरलेला व्हर्जन कोड त्या अ‍ॅपला पुन्हा कधीच घेऊ देत नाही.

स्टोअरने नाकारणे हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. निदान चूक कळते तरी. टेस्टरांना थेट पाठवलेल्या एपीकेला अडवणारे कोणी नसते. त्याच महिन्यात ४१२ नंबरचे दोन वेगळे बिल्ड फोनांवर फिरत होते, कारण व्हर्जन कोड तोच असला तरी अँड्रॉइड नवे अ‍ॅप जुन्यावर निमूट बसवून घेते. पेमेंटच्या स्क्रीनवरचा बग एकाकडे गेलेला, दुसऱ्याकडे तसाच. दोन दिवस आमच्यात ‘माझ्याकडे येत नाही’ एवढेच चालले होते. नंतर ४१२ वरचा क्रॅश आला तेव्हा तो कोणत्या कमिटचा, हे शोधण्यात आणखी अर्धा दिवस गेला.

आपला कोड गिटहबवर आहेच. गिटहब अ‍ॅक्शन्स प्रत्येक वर्कफ्लोच्या नव्या धावेला वाढता रन नंबर देते. त्यात ५०० मिळवून येणारा आकडा बिल्ड करतानाच कमांडमधून द्यावा, ही आमची मुख्य मागणी. ५०० अशासाठी, की आपण ४१२ च्या पुढे आहोत आणि प्ले स्टोअरला मागे जाता येत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही बिल्ड एकाच वर्कफ्लोत असावेत. वेगळे ठेवले तर दोघांची मोजणी वेगळी चालेल आणि एक्सेल शीट परत येईल.

वाढलेला आकडा रिपॉझिटरीत कमिट करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दर फीचर ब्रँचवर त्या एका ओळीचा मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवून आम्ही थकलो आहोत. शिवाय त्यासाठी मुख्य ब्रँचचे संरक्षण बॉटकरिता सैल करावे लागेल. त्याऐवजी अपलोड यशस्वी झाल्यावर त्या कमिटला नंबराचा टॅग लावावा.

वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट जोडून नंबर बनवावा, अशी सूचना बैठकीत आली होती. वर्षाचे शेवटचे दोन अंक घेऊन असा आकडा केला तर तो आजच दोनशे चाळीस कोटींच्या वर जातो. प्ले स्टोअरची मर्यादा २१० कोटींची आहे. ती सूचना मागे घ्यावी.

एक अडचण आम्हीच सांगतो. री-रन दाबले की रन नंबर तोच राहतो. म्हणजे अपलोड झाल्यानंतरची एखादी पायरी फसली आणि संपूर्ण धाव पुन्हा चालवली, तर स्टोअर पुन्हा नाकारेल. म्हणून बिल्ड, अपलोड आणि त्यानंतरची कामे वेगळ्या जॉबमध्ये असावीत आणि फसलेला जॉब तेवढाच पुन्हा चालवावा.

याखेरीज, स्टोअरवर अपलोड करण्याच्या की आज एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर आहेत. तो रजेवर गेला की रिलीजही रजेवर. त्या की मर्यादित अधिकारांसह गिटहबच्या सीक्रेट्समध्ये ठेवाव्यात आणि लॅपटॉपवरून अपलोड करणे पूर्ण बंद व्हावे.

या कामासाठी येत्या स्प्रिंटमध्ये दोघांचे दोन दिवस मंजूर करावेत. ते होईपर्यंत शुक्रवारी दुपारी चारनंतर हाताने रिलीज करण्याचे काम आमच्यावर सोपवू नये, ही विनंती.

आपले नम्र,
मोबाइल विभागातील डेव्हलपर व टेस्टर
(सह्यांचा कागद सोबत जोडला आहे.)