प्लॅस्टर पायाला, रजा साऱ्या देहाला?

पाय मोडलेल्या गृहस्थाच्या समाचारास जाणारा प्रत्येक जण निरोप घेताना एकच सल्ला देतो : ‘आता आयती सक्तीची विश्रांती मिळाली आहे, ती मनसोक्त घ्या.’ सल्ल्यामागील सद्भाव निर्विवाद असतो आणि घरची मंडळीही तो शिरोधार्य मानतात. ताट पलंगावर येते, पाण्याचा तांब्या उशाशी येतो, दूरचित्रवाणीचा रिमोट तर हातातच असतो. दुचाकी घसरून नडगीचे हाड मोडो, पायरी चुकून घोटा दुखावो वा टाचेमागची शीर तुटो, सहा आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत हा पाहुणचार अखंड चालतो. प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे की, अशा पाहुणचाराने जी हानी होते ती पुष्कळदा मूळ अपघाताहून मोठी असते. विश्रांतीची आवश्यकता गुडघ्याखालच्या वीतभर भागाला असते. आपण ती संपूर्ण देहाला बहाल करून मोकळे होतो.

हे केवळ मत नव्हे. अमेरिकेतील डॅलस येथे 1966 साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांना कोणताही आजार नव्हता, कुणाचे हाड मोडलेले नव्हते. तरीही तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे हृदय आणि स्नायू यांची एकत्रित दमदारी, एक चतुर्थांशाहून अधिक घटली होती. याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. तीस वर्षांनी, 1996 साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. आता ते पन्नाशीचे होते, वजने वाढली होती. पण तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जितकी क्षमता हिरावली होती, त्याहून अधिक क्षमता तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने हिरावली होती! सहा महिन्यांच्या शिस्तबद्ध व्यायामानंतर ही पन्नाशीतली मंडळी पुन्हा आपल्या तरुणपणच्या पातळीवर आली, ही त्यातली दिलासादायक बाजू. विशीतल्या धडधाकट तरुणांची ही कथा, तर मधुमेह व रक्तदाब सांभाळत साठीकडे झुकलेल्या गृहस्थाने अथवा गृहिणीने तीन महिने पलंगावर काढले तर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अनेक घरांतील वृद्ध प्लॅस्टर निघाल्यानंतरही पूर्ववत चालू लागत नाहीत. एक्स-रे पाहावा तर हाड सांधलेले असते. पण त्या हाडाला उचलून नेणारे शरीर मध्यंतरी खचलेले असते.

हाडाच्या दृष्टीनेही संपूर्ण निश्चलता हितावह नाही. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 साली असे प्रतिपादन केले की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते. भार काढून घेतला की ते विरळ होऊ लागते. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन अस्थिभंग पट्टी व स्क्रूने पक्का बसवून रुग्णाला लवकर हालते करण्याचा आग्रह धरला, तो याच जाणिवेतून. सैबेरियातील कुर्गान येथील डॉ. इलिझारोव्ह यांनी तर पायाभोवती धातूची कडी बसवून, त्या कड्यांसह रुग्णाला चालवण्याची पद्धत रूढ केली. टोकियो ऑलिंपिकमध्ये 1964 साली उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणारा वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात सापडला. नडगीचा चुराडा झाला, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. अखेर 1968 साली तो कुर्गानला गेला आणि तेथे त्याचा पाय सांधला. आपला 2.28 मीटरचा विश्वविक्रम तो पुन्हा गाठू शकला नाही. परंतु पुन्हा उड्या मारू लागला, हे काय थोडे झाले?

आपल्यासारख्यांना उंच उडी मारावयाची नाही. आपल्याला बाजाराची पिशवी घेऊन जिना चढता यावा, एवढीच अपेक्षा. त्यासाठी प्लॅस्टरच्या काळात जे करावयाचे ते साधे आहे आणि त्याला व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीत ताठ बसून एक लिटर पाण्याची बाटली प्रत्येक हातात धरावी. प्रत्येकी एक किलोची ही डंबेल्स फुकटची. ती खांद्यापर्यंत, मग डोक्यावर न्यावी. याच आसनात दोन्ही हातांनी हवेत ठोसे मारण्याचा क्रम पाच-सात मिनिटे चालवला तर बसल्या जागी धाप लागते आणि हृदयाला काम मिळते. पाठीवर निजून मांडीचा स्नायू आवळून धरणे, सांधा सरळ ठेवून संपूर्ण पाय वीतभर वर उचलणे, कुशीवर वळून तोच पाय बाजूला उचलणे, उघडी असलेली बोटे दिवसातून अनेकदा हालवणे, हे डॉक्टरांनी मना केले नसेल तर पहिल्या दिवसांपासूनच करता येते. धडक्या पायाला मात्र खुशाल कष्टवावे. त्यामागे एक विलक्षण शोध आहे. येल विद्यापीठात 1894 साली असे आढळले की, एका हाताला शिक्षण दिले तर न वापरलेल्या दुसऱ्या हाताचीही शक्ती वाढते. मज्जासंस्था ही दोन्ही बाजूंची सामाईक मालमत्ता आहे. तेच पायालाही लागू पडते. धडका पाय राबला की प्लॅस्टरमधल्या पायाची शक्ती त्यामानाने कमी घटते. एका खात्यातील जमेचे व्याज दुसऱ्या खात्यात पडावे, असा हा प्रकार आहे.

कुबड्या वापरणे हाही एक व्यायामच आहे, पण तो कुणीतरी शिकवावा लागतो. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून कुबड्या आणून थेट चालू लागण्याची प्रथा आहे. कुबडीच्या माथ्यावर काखेचा भार टाकला तर तेथील मज्जातंतू दबून हात लुळा पडू शकतो. माथा व काख यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे आणि भार तळहातांवर हवा. जिन्याचा नियम सोपा : चढताना धडका पाय आधी, उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी.

आहाराबद्दल थोडेसे. पाय मोडला की माहेरहून डिंकाचे लाडू येतात, शेजारून पायाचे सूप येते. प्रेमाचा हा मेवा नाकारवत नाही हे खरे. पण ज्याचे चालणे बंद झाले आहे त्याला तूप-गुळाचा दुप्पट खुराक म्हणजे पोटावर आणखी एक प्लॅस्टर. हाडाला हवी ती प्रथिने डाळ, दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतात. मधुमेहींनी तर या काळात रक्तातील साखर अधिक जपून तपासावी. आणि तंबाखू, मग ती विडीतली असो, मळलेली असो वा मिश्रीतली, हाड सांधण्यास विलंब लावते. लाडू पाठवणाऱ्यांनी तंबाखूची डबी लपवून ठेवली तर उपकार अधिक होतील.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्साहाच्या भरात पायावर किती भार द्यावयाचा हे स्वतः ठरवू नये. तो अधिकार अस्थिरोगतज्ज्ञाचा आणि भौतिकोपचारतज्ज्ञाचा. वृत्तपत्रांतील खेळाडूंच्या पुनरागमनाच्या वार्ता या बाबतीत फसव्या ठरतात. पी. व्ही. सिंधू ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक घेऊन परतली ती डाव्या घोट्याच्या अस्थिभंगासह, आणि पुन्हा स्पर्धेत उतरली ती जानेवारी 2023 मध्ये. प्रशिक्षक व उपचारतज्ज्ञ दिमतीला असूनही पाच महिने! पोटरीत अकस्मात सूज, टणकपणा वा वाढती वेदना जाणवली तर ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. धाप वा छातीत दुखणे सुरू झाले तर क्षणाचाही विलंब नको.

आता थोडे आपल्या कार्यालयांविषयी. नोकरीच्या कागदपत्रांना सर्वसाधारणपणे माणसाच्या दोनच अवस्था ठाऊक असतात : रजेच्या अर्जासोबतचे आजारपणाचे प्रमाणपत्र आणि रुजू होतानाचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. मधल्या दीर्घ काळाला, ज्यात माणूस बसून उत्तम काम करू शकतो पण दोन मजले चढू शकत नाही, नियमांत नाव नाही. परिणामी सहकारी एकतर घरी पडून राहतो, नाहीतर रजा संपली म्हणून लंगडत तिसऱ्या मजल्यावर येतो. दोन्ही वाईट. डॉक्टरांच्या संमतीने तळमजल्यावरचे बैठे काम, प्रारंभी अर्धा दिवस, अशी सोय करण्यास व्यवस्थापकाला खर्च जवळपास काहीच येत नाही. सद्बुद्धी मात्र लागते.

ग्राहकांच्या बाबतीतही हेच. सत्तरीपुढील व अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये दिले, ते स्वागतार्हच आहेत. परंतु कुबड्या घेऊन शाखेपर्यंत येऊ इच्छिणारा ग्राहक घराबाहेर पडतो आहे, हे त्याच्या प्रकृतीचे सुचिन्ह आहे. त्याला घरी बसवण्यापेक्षा आत येऊ देण्याचा मार्ग सुकर करावा. उतरंडीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या दुचाक्या हलवाव्यात, ओल्या फरशीवर पायपुसणे नुसते न टाकता ते घसरणार नाही असे बसवावे, काउंटरसमोर एक हाताची खुर्ची ठेवावी आणि तिच्याशेजारी कुबड्या टेकवून ठेवता येतील एवढा मोकळा कोपरा ठेवावा.