जॅक रसेल टेरियर: जी मान्यता सगळ्यांना हवी असते, ती याच्या चाहत्यांनी का नाकारली?

‘द मास्क’ सिनेमातला मायलो आठवतोय? तोच हा जॅक रसेल टेरियर. पांढरा रंग, त्यावर तपकिरी-काळे डाग, उंची साधारण 25 ते 30 सेंटीमीटर आणि अंगात न संपणारी ऊर्जा.

ही जात आली कुठून?
इंग्लंडमधल्या डेव्हनचे जॉन रसेल पुढे धर्मगुरू झाले. 1819 मध्ये ऑक्सफर्डला शिकताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली, असं सांगितलं जातं. या कुत्र्यांचं काम एकच, कोल्ह्याला बिळातून बाहेर काढणं. रंग पांढरा, कारण धावपळीत कुत्राच कोल्हा समजला जाऊ नये. छाती दोन्ही हातांच्या पकडीत मावेल एवढी, नाहीतर कुत्रा बिळात अडकायचा.

मग वाद कसला?
अमेरिकन केनेल क्लबने 1997 मध्ये या जातीला मान्यता दिली, तेव्हा जॅक रसेल टेरियर क्लब ऑफ अमेरिकाने कडाडून विरोध केला. 2003 मध्ये त्या मान्यताप्राप्त जातीचं नाव बदलून ‘पार्सन रसेल’ झालं. ब्रिटनच्या केनेल क्लबने उंच पायांच्या पार्सनला 1990 मध्ये स्वीकारलं, जॅक रसेलला मात्र थेट 2016 मध्ये.

विरोधकांचं म्हणणं साधं होतं. स्पर्धेत रूप जिंकतं आणि कामाचा कस मागे पडतो. शिवाय नोंदवही बंद झाली की जवळच्या नात्यातली पैदास वाढते. म्हणून हा क्लब पिल्लांची नोंदच करत नाही. कुत्रा मोठा झाल्यावर, पशुवैद्यकाच्या तपासणीनंतरच त्याला घेतो.

आपल्यासाठी धडा काय?
हा हट्ट जुनाट वाटेल, पण मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडेही पिल्लू घेताना पहिला प्रश्न असतो, ‘पेपर्स आहेत का?’ पेपर्स वंशावळ सांगतात, तब्येत नाही. या जातीत डोळ्यातलं भिंग निसटण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याची डीएनए चाचणी होते, ती मागा. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा.

आणि स्वतःलाही विचारा: बिळं उकरायला घडवलेला हा जीव दिवसभर बंद फ्लॅटमध्ये काय करेल? तो सोफा उकरेल. दोष मात्र त्यालाच दिला जाईल.