बंदी बाष्पावर, स्फोट बॅटरीत

डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत एक चमत्कारिक प्रसंग घडला. भाजपचे खासदार अनुराग ठाकूर यांनी तृणमूल काँग्रेसचे एक सदस्य सभागृहातच ई-सिगारेट ओढत असल्याचा आरोप केला. तक्रार आल्यास कारवाई करू, असे लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी सांगितले. त्यानंतर जो वाद झाला तो सभागृहाच्या प्रतिष्ठेवरून आणि कोणी कोणाला शिष्टाचार शिकवावा यावरून. आरोप खरा की खोटा हा येथे विषय नाही. लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. ज्या वस्तूची निर्मिती, आयात आणि विक्री देशात २०१९ पासून गुन्हा आहे, ती एखाद्याच्या खिशात असू शकते याचे कोणालाही आश्चर्य वाटले नाही. आणि ती खिशात असू शकते हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न अटळ ठरतो. त्या वस्तूच्या पोटात जी लिथियम-आयन बॅटरी असते, तिची जबाबदारी कोणाची?

दिल्लीच्या सरकारी दालनांत या प्रश्नास आज उत्तर नाही. याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश काढला. पुढे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मांडलेले विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख, अशी त्यातील शिक्षा. साठा करणाऱ्यास सहा महिने किंवा पन्नास हजार. व्याख्येत सारा भर आहे तो पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याजोगे बाष्प तयार करण्यावर. तरुण पिढी निकोटिनच्या नादी लागू नये हा हेतू होता आणि त्या हेतूबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु या कायद्याने वस्तूकडे पाहिले ते केवळ आरोग्य खात्याच्या चष्म्यातून. निकोटिनइतकाच, काही प्रसंगी त्याहून तातडीचा, असा दुसरा धोका त्या वस्तूत असतो. तो विजेचा आहे.

तो नीट समजून घेण्यासाठी या उपकरणांतील सर्वांत साध्या आणि म्हणूनच सर्वांत घातक प्रकाराकडे पाहावयास हवे. या व्यवहारात त्यास मेकॅनिकल मॉड म्हणतात. धातूची एक नळी, तीत १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा एक सेल, तळाशी कळ आणि वर तापणाऱ्या तारेचे वेटोळे. बस्स. सामान्य उपकरणात प्रवाह मर्यादेत ठेवणारे, शॉर्ट सर्किट झाल्यास वीज तोडणारे, सेल फार उतरल्यास बंद पडणारे एक सर्किट असते. येथे ते नसते. कळ दाबली की सेल आणि तार यांच्यामध्ये कोणीही उभे नसते. पूर्ण भारित सेलचा दाब ४.२ व्होल्ट. तारेचा रोध ०.२ ओहम असेल तर प्रवाह २१ अँपिअर, रोध ०.१ ओहमवर आला तर ४२ अँपिअर. या आकाराचे चांगले सेलदेखील सलग २० ते ३० अँपिअरच्या पलीकडे जाण्यासाठी बनविलेले नसतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेल्या सेलची क्षमता तर त्याहून फारच कमी. म्हणजे शाळेत शिकलेला ओहमचा नियम वापरणाऱ्याने स्वत: पाळावयाचा, चुकला तर सावरणारे कोणी नाही.

दुसरी मेख सेलच्या वेष्टनात आहे. या सेलचे धन टोक वरच्या मध्यभागी असते आणि बाकीचे सारे धातूचे कवच हे ऋण टोकच असते. त्या दोहोंना वेगळे ठेवतात ते एक पातळ प्लास्टिकचे वेष्टन आणि वरची कागदी चकती. वेष्टन फाटले आणि सेल धातूच्या नळीत गेला, की शॉर्ट सर्किटला आणखी काही लागत नाही. काही उपकरणांत वरचा भाग थेट सेलवर टेकतो. त्याची मधली खीळ पुरेशी बाहेर आलेली नसेल तर तिच्याभोवतीचा धातू सेलच्या माथ्यास भिडतो आणि परिणाम तोच. खिशातील किल्ल्या आणि सुटी नाणीही हेच काम तितक्याच तत्परतेने करतात. मग सेलच्या आत उष्णतेची साखळी सुरू होते. वाढलेली उष्णता आतील रासायनिक क्रिया वाढविते आणि ती क्रिया आणखी उष्णता. वायू बाहेर पडण्यास वाट नसेल तर धातूची बंद नळी ही बंदुकीच्या नळीसारखी वागते.

हे कल्पनेतील संकट नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील प्रसिद्ध झालेल्या घटना एकत्र केल्या तेव्हा आग आणि स्फोटांच्या १९५ घटना आढळल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले होते आणि ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. तोवर मृत्यूची नोंद नव्हती. ती मे २०१८ मध्ये फ्लोरिडात झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये दुसरी. यापैकी फ्लोरिडातील तरुणाच्या हाती जे उपकरण होते ते याच सर्किटविरहित जातीचे. दरम्यान, अमेरिकी संशोधकांनी २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत तेथील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या अशा जखमींची संख्या सुमारे दोन हजार असल्याचा अंदाज मांडला. म्हणजे वृत्तपत्रांत येते त्यापेक्षा रुग्णालयांत बरेच अधिक येते.

यावर तेथील व्यवस्थेने काय केले? या उपकरणांच्या विद्युत भागासाठी यूएल ८१३९ हे मानक तयार झाले. जानेवारी २०२१ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने हे सेल सुटे विकत घेऊ नका व वापरू नका, असा जाहीर इशारा दिला. ते कारखान्यात बंद बॅटरीसंचात बसविण्यासाठी असतात, सुट्या विक्रीसाठी नव्हेत, हे त्याचे कारण. खिशात सेल फुटून जखमी झालेल्या एका ग्राहकाच्या दाव्यात परदेशी सेलनिर्मात्यावर आपल्या राज्यात खटला चालू शकतो, असा निर्वाळा २०२३ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. ही व्यवस्था आदर्श आहे असे नव्हे. पण दुर्घटना मोजली गेली, तिचे कारण शोधले गेले आणि जबाबदार कोण हे ठरविण्यास एक जागा उपलब्ध राहिली.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही असे मानण्याचे कारण नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली आणि त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्याच सुमारास वेल्लोर येथे अशाच एका वाहनाच्या आगीने वडील आणि मुलीचा बळी घेतला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीविषयक एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या केल्या. त्या दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून, लागू झाल्या. आग लागली, चौकशी झाली, मानक बदलले. येथे सरकार हलले ते स्कूटर ही वैध वस्तू होती म्हणून. तिला निर्माता होता, नोंदणी होती, पावती होती. ई-सिगारेटला यांतील काहीच नाही. ज्याचे अस्तित्वच कायद्यास अमान्य, त्याची सुरक्षितता कोण तपासणार?

आता वस्तुस्थिती पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने गुजरातच्या मुंद्रा बंदरात सुमारे दोन लाख ई-सिगारेटी पकडल्या. त्यांचे मूल्य ४८ कोटी रुपयांच्या घरात होते. एका बंदरात एका कारवाईत इतका माल सापडतो, याचा अर्थ मागणी आहे आणि पुरवठाही. बंदीमुळे तो थांबला नाही, तो निनावी झाला. निनावी मालाच्या सेलवर मानक ब्यूरोची खूण असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सुट्या सेलचे तर आणखीच निराळे. सेल ही काही ई-सिगारेट नव्हे. विजेरीत, पॉवर बँकेत, खेळण्यांत तोच चालतो. लहान उपकरणांसाठीच्या अशा सेलना आयएस १६०४६ या मानकानुसार सक्तीची नोंदणी आहे. पण सीलमपूरसारख्या ठिकाणी जेथे देशभरातील इलेक्ट्रॉनिक कचरा फोडला जातो, तेथून निघालेल्या सेलवर नवे वेष्टन चढविले की जुन्या नोंदणीस अर्थ उरत नाही.

सर्वांत मोठा विरोधाभास आहे तो विमान प्रवासात आणि परदेशी राहणाऱ्या आपल्या नातलगांमुळे तो अनेक मराठी घरांशी थेट संबंधित आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्येच ही उपकरणे मालकक्षातील सामानात ठेवण्यास मनाई केली. ती प्रवाशाने जवळ बाळगावीत, विमानात चार्ज करू नयेत आणि सुट्या सेलची टोके स्वतंत्रपणे झाकलेली असावीत, असा नियम आहे. त्यामागील तर्क सरळ आहे. प्रवासी कक्षात काही पेटले तर कर्मचारी ते पाहू शकतात, विझवू शकतात, पाण्याने थंड करू शकतात. पायाखालच्या मालकक्षात ते शक्य नाही. तेथील हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, सेलमधील उष्णतेची साखळी तोडत नाही. एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगडहून दिल्लीस येणाऱ्या विमानात एका प्रवाशाचा फोन पेटला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात उड्डाणापूर्वी एका पॉवर बँकेने पेट घेतला. दोन्ही वेळी कर्मचाऱ्यांनी प्रसंग निभावला, कारण आग डोळ्यांसमोर होती.

भारतात मात्र ही वस्तूच बेकायदा असल्याने ती ना हातातील सामानात चालते ना मोठ्या बॅगेत. मग सिडनीहून वा शिकागोहून सुटीवर निघालेला मुलगा काय करतो? सुरक्षा तपासणीत पकडले जाण्याच्या भयाने तो ती कपड्यांच्या घडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत सारतो. म्हणजे जगभरच्या तज्ज्ञांनी जी जागा सर्वाधिक धोक्याची ठरविली, नेमके तेथेच आपला कायदा ती वस्तू नकळत ढकलतो. सर्किट असलेल्या उपकरणात निदान कळ कुलूपबंद करता येते. मेकॅनिकल नळी बॅगेत दाबली गेली तर ती तापतच राहते.

हीच कथा जप्त मालाची. पकडलेली ई-सिगारेट हा पुरावा असतो आणि पुरावा मालखान्यात जातो. तेथे तो कागदपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी, उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत, खटला संपेपर्यंत पडून राहू शकतो. हजारो लिथियम सेल अशा रीतीने ठेवणे म्हणजे काय, हे कोणत्याही अग्निशमन अधिकाऱ्यास विचारावे. पुढे नष्ट करावयाचे म्हटले तरी पेच आहेच. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांचा सारा डोलारा उत्पादकाच्या जबाबदारीवर उभा आहे आणि येथे उत्पादक कायद्याच्या लेखी नाहीच. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरण्याच्या ई-सिगारेटींवर बंदी आणली, तिच्या प्रमुख कारणांत फेकलेल्या बॅटऱ्यांचा कचरा हे एक होते. आपण बंदी सहा वर्षे आधी आणली. बॅटरीचा विचार मात्र अद्याप व्हावयाचा आहे.

जखमी होणाऱ्याची स्थिती याहून केविलवाणी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूबद्दल निर्मात्यास जबाबदार धरण्याची तरतूद आहे. पण ज्याच्याकडे पावती नाही आणि ज्याने बंदी असलेली वस्तू घेतली, तो कोणत्या तोंडाने आयोगाकडे जाणार? तो रुग्णालयातही बहुधा मोबाइल फुटला असेच सांगेल. दुर्घटना नोंदलीच जात नसल्याने ती घडत नाही, असा निष्कर्ष काढण्यास शासन मोकळे. वापर हा शब्द कायद्यातील गुन्ह्यांच्या यादीत नाही, हे त्या जखमी तरुणास कोणी सांगितलेले नसते.

याचा अर्थ बंदी उठवावी असा नाही. तो वेगळा वाद आहे आणि त्यात तंबाखू उद्योगाचे हितसंबंध गुंतलेले आहेत. मुद्दा इतकाच की बंदी ही नियमनाची जागा घेऊ शकत नाही. बंदी कायम ठेवूनही काही गोष्टी करता येतात आणि त्यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. विमानतळांवर सुरक्षा तपासणीपूर्वी, विचारणा न करता ही उपकरणे टाकता येतील अशी अग्निरोधक पेटी ठेवता येईल. जप्त मालातील सेल छायाचित्र व पंचनामा करून तातडीने वेगळे काढण्याची पद्धत ठरविता येईल. सुट्या लिथियम सेलच्या किरकोळ विक्रीवर ग्राहक व्यवहार मंत्रालय निर्बंध आणू शकते. आणि सरकारी रुग्णालयांच्या जळीत कक्षांत, बॅटरी होती काय आणि कोणत्या उपकरणातील, हा एक प्रश्न नोंदवहीत वाढविता येईल. आरोग्य, विमान वाहतूक, गृह, पर्यावरण आणि ग्राहक व्यवहार ही पाच मंत्रालये एका टेबलाभोवती बसली तर हे काम एका बैठकीचे आहे. अडचण ही की बंदी घातल्याने प्रत्येकाच्या लेखी ती फाइल बंद झालेली आहे.

तोवर घरातील वडीलधाऱ्यांनी उपदेशाबरोबर चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. सुटा सेल खिशात नको, प्लास्टिकच्या डबीत हवा. वेष्टन फाटलेला वा फुगलेला सेल वापरू नये. जुन्या बॅटरीतून काढलेला सेल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आणि भारतात येताना ती वस्तू तिकडेच सोडून यावे, बॅगेच्या तळाशी दडवू नये. कायद्याचे कलम खिशातील सेलला वाचता येत नाही. तो केवळ ओहमचा नियम पाळतो.