दोन बिऱ्हाडे आणि एक परवाना

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गात ज्या घरचा एखादा मुलगा, सून, जावई अथवा भाचा परदेशी नाही, असे घर आता शोधूनच काढावे लागेल. पूर्वी परदेशी गेलेला मनुष्य एक तर तिकडचाच होऊन जाई, अथवा शिक्षण पुरे करून परत येई. आता एक तिसराच वर्ग निर्माण झाला आहे. त्याचे एक बिऱ्हाड कोथरूडला वा पार्ल्याला असते आणि दुसरे म्युनिकला वा लंडनला. वृद्ध आईवडील इकडे, मुलांच्या शाळा तिकडे, अशी त्याची विभागणी झालेली असते. या माणसास प्राप्तिकर, बँकेची खाती, पारपत्र यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु मोटार चालविण्याच्या परवान्यासारखी वरवर क्षुल्लक भासणारी बाब त्यास कोठे व कशी अडविते, याचा विचार सरकारदरबारी कोणी नेटाने केल्याचे दिसत नाही.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ घेतला की जग मोकळे झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. हा परवाना १९४९ सालच्या जिनिव्हा येथील रस्ते वाहतूकविषयक करारान्वये दिला जातो, त्याची मुदत फार तर एक वर्षाची असते आणि तो मूळ परवान्याशिवाय निरुपयोगी असतो. शिवाय तो प्रवाशासाठी आहे, रहिवाशासाठी नव्हे. मनुष्य परक्या देशात बिऱ्हाड थाटून राहू लागला, की त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने तो पाहुणा राहत नाही, आणि त्या घटकेपासून दिवस मोजले जाऊ लागतात. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर निवासाच्या आरंभापासून बारा महिने मोटार चालविता येते; जर्मनीत ही सवलत सामान्यतः सहा महिन्यांचीच आहे. त्यानंतर तोच परवाना खिशात असूनही मनुष्य विनापरवाना ठरतो. जर्मन कायद्यात विनापरवाना वाहन चालविणे हा साध्या दंडावर भागणारा प्रमाद नसून एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. वीस वर्षे पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून मोटार हाकलेल्या गृहस्थास हे ऐकून हसू येईल. पण सातव्या महिन्यात अपघात घडला, तर त्या हसण्याची किंमत जबर पडेल.

जर्मनीत परवाना बदलून घ्यावयाचा म्हणजे काय करावे लागते, हे पाहण्याजोगे आहे. दृष्टितपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, परवान्याचे भाषांतर, त्यानंतर लेखी परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरील परीक्षा असा हा क्रम आहे. रस्त्यावरील परीक्षा २०२१ पासून ५५ मिनिटांची करण्यात आली आहे, आणि ती शिक्षकासह व दुहेरी नियंत्रणाच्या गाडीत द्यावी लागत असल्याने मोटार शिकविणाऱ्या संस्थेचा आश्रय केल्यावाचून गत्यंतर नसते. हे सर्व करावयाचे ते नवी नोकरी, नवी भाषा आणि नवे हवामान अंगवळणी पाडता पाडता! ज्याचे कामाचे ठिकाण आगगाडीच्या मार्गापासून दूर आहे, त्याच्या पोटावरच पाय येतो.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि तिकडे उजव्या, म्हणून ही सावधगिरी, असे समर्थन कोणी करील. ते टिकणारे नाही. जपानातही वाहने डावीकडूनच चालतात. तरीही जपानी परवाना जर्मनीत परीक्षेवाचून बदलून मिळतो. सिंगापूर आणि दक्षिण आफ्रिका यांचीही तीच गोष्ट. ब्रिटनची वाहतूक तर आपल्यासारखीच डावीकडची, किंबहुना आपण ती त्यांच्यापासूनच घेतली. असे असता ब्रिटनने परवाना बदलून देण्यासाठी मान्य केलेल्या देशांच्या यादीत दक्षिण आफ्रिका आहे, झिंबाब्वे आहे, २०२१ पासून संयुक्त अरब अमिराती आहे. भारत मात्र नाही. अमिरातीतही भारतीय परवाना सरळ बदलून मिळत नाही. ही बाब व्यक्तीच्या नागरिकत्वावरही अवलंबून नाही. गोव्यातील कित्येक कुटुंबांनी पोर्तुगीज पारपत्र घेऊन इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी वस्ती केली. पारपत्र युरोपचे झाले, तरी पणजी-मडगावच्या कचेरीतून मिळालेला परवाना भारतीयच राहिला.

याचा अर्थ असा, की हा प्रश्न बव्हंशी राज्याराज्यांमधील करारमदारांचा आहे. ब्रिटनलाही अलीकडे त्याचा अनुभव आला. युरोपीय संघातून तो देश बाहेर पडल्यावर स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या ब्रिटिशांचे परवाने १ मे २०२२ पासून चालेनासे झाले, आणि नवा करार अमलात येईपर्यंत, म्हणजे मार्च २०२३ पर्यंत, हजारो लोक मोटार दारात उभी करून बसले. खेड्यांतून राहणाऱ्या निवृत्त वृद्धांचे दवाखान्यात जाणेही त्यामुळे कठीण झाले. पण त्यांच्या सरकारने वाटाघाटी चालू ठेवल्या आणि प्रश्न सोडविला.

आपल्या सरकारची या बाबतीतील स्थिती चमत्कारिक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या नवव्या कलमात, परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना धारण करणाऱ्यास भारतीय परवाना देताना वाहन चालविण्याच्या परीक्षेतून सूट देण्याची तरतूद आहे. आपण दिलेल्या सवलतीचा मोबदला मागण्याचे मात्र आपणांस सुचलेले नाही. दात्याचे औदार्य हा व्यक्तीचा गुण असेल. परराष्ट्रव्यवहारात तो भाबडेपणा ठरतो.

तथापि सर्व दोष परक्यांच्या व दिल्लीच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. एका शाळेच्या दाखल्यावर दुसरी शाळा मुलास वरच्या वर्गात बसविते, ती पहिल्या शाळेच्या परीक्षेवर विश्वास असतो म्हणून. आणि ज्या शाळेत न शिकता पास करतात अशी ख्याती असते, तिथल्या मुलाची मुख्याध्यापक पुन्हा परीक्षा घेतात. आपल्या परवान्याची पत काय आहे? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीतील परवान्यांविषयीच्या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात, परवाना मिळविणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी वाहन चालविण्याची सक्तीची परीक्षा दिलीच नसल्याचे आढळले होते. दलालास पैसे दिले की हे साधत असे. देशातील सुमारे तीस टक्के परवाने बनावट असल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीच २०१९ साली संसदेत सांगितले. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, हा सरकारी आकडा आहे. हे आकडे परदेशी अधिकाऱ्यांनाही वाचता येतात. जो सरळ मार्गाने शिकला, परीक्षा देऊन पास झाला, त्याला दलालाच्या गिऱ्हाइकाबरोबर एकाच रांगेत उभे राहावे लागते, हा त्याच्यावरील अन्याय आहे. आणि तो प्रथम आपल्याच कचेऱ्यांनी केलेला आहे.

परवाना एकदाचा बदलून मिळाला, तरी दोन बिऱ्हाडे असणाऱ्याची विवंचना संपत नाही. एका माणसाजवळ एकच परवाना असावा, हे तत्त्व युरोपीय संघाच्या २००६ सालच्या निर्देशात स्पष्ट आहे, आणि निवास कोणता हे ठरविण्यास वर्षातील १८५ दिवसांचे माप लावलेले आहे. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. एका देशात जप्त झालेल्या परवान्याची उणीव दुसऱ्या देशातील परवान्याने भरून काढणारे महाभाग असतातच. परंतु जर्मन परवाना हाती पडताना भारतीय परवाना तेथे जमा करावा लागतो. असा मनुष्य आजारी वडिलांना इस्पितळात नेण्यासाठी सुटीत घरी आला, की स्वतःच्या गावी पाहुण्यासारखा होतो. मग ‘परवाना गहाळ झाला’ असा खोटा अर्ज करून दुय्यम प्रत मिळविण्याचा मोह त्यास होतो. ज्याने आयुष्यात कधी खोटी सही केली नाही, त्यास ती करण्याची बुद्धी व्हावी, अशी ही व्यवस्था आहे. ज्याचा परवाना हातात आहे, त्याचीही मुदत परदेशी असताना संपून जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण न केल्यास पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि चाळिशी उलटलेल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. परदेशात मुदत संपलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी तेथील भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोय जानेवारी २०२१ मध्ये करण्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. मूळ परवान्याच्या नूतनीकरणासही तीच सोय लागू करावी आणि तिकडच्या वैद्याचे प्रमाणपत्र वकिलातीच्या साक्षांकनाने ग्राह्य धरावे.

महाराष्ट्र सरकारचाही येथे प्रत्यक्ष संबंध पोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. पाठवावयाच्या कामगारांत परिचारिका व तंत्रज्ञ यांच्याबरोबर वाहनचालकांचाही समावेश आहे. ज्या देशात आपला साधा मोटारीचा परवानाही परीक्षेवाचून चालत नाही, तेथे बस व मालमोटार चालविण्यास आपली मुले पाठवावयाची, तर त्यांना नुसती जर्मन भाषा शिकवून भागणार नाही. तिकडच्या परीक्षेच्या बरोबरीची परीक्षा येथेच, तिकडच्या परीक्षकांच्या देखरेखीखाली घेण्याची व्यवस्था दोन्ही सरकारांनी करावयास हवी. २०२२ च्या डिसेंबरात भारत व जर्मनी यांनी स्थलांतरविषयक करारावर दिल्लीत सह्या केल्या, त्याच्या पुढील वाटाघाटींत हे कलम घालावे, असा आग्रह महाराष्ट्राच्या खासदारांनी धरावा. एक-दोन शहरांतील निवडक केंद्रांत अशी परीक्षा सुरू झाली आणि तेथून मिळणाऱ्या परवान्यावर वेगळी खूण राहिली, तर आरंभास तेवढे पुरेसे आहे. परिवहन खात्याने ही केंद्रे कोणती असावीत, एवढे तरी प्रथम जाहीर करावे.