ऐकून घेणाऱ्याचे वेतन

पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांनी, मुलीच्या आग्रहावरून, मी एका समुपदेशिकेकडे जाऊ लागलो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला आपले दुःख परक्यापुढे मांडण्याचा संकोच वाटावा, हे स्वाभाविकच होते. शिवाय नुसत्या बोलण्याने काय होणार, ही शंका होतीच. त्या बाईंनी उपदेश केला नाही, सांत्वनही फारसे केले नाही. आठवडाभर मी कोणत्या वेळी काय करतो आणि तेव्हा मन कसे असते, एवढे वहीत लिहून आणावयास सांगितले. वही भरल्यावर ध्यानात आले, की सकाळचे फिरणे, ग्रंथालय, शनिवारची मित्रमंडळी, हे सारे मी एकेक करून सोडून दिले होते. दुःखामुळे घरात बसलो होतो आणि घरात बसल्यामुळे दुःख अधिकच घट्ट होत होते. दहा बैठकांनी दुःख गेले नाही. ते जावे अशी माझी इच्छाही नव्हती. ग्रंथालयात मात्र पुन्हा जाऊ लागलो. प्रत्येक बैठकीचे दीड हजार रुपये पडले.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा तरुण मुलगा त्याच वर्षी गेला. तेरावा होताच त्या कामावर आल्या. रात्र रात्र झोप नाही, हातात भांडे घेऊन नुसत्याच उभ्या राहावयाच्या. दवाखान्यात त्यांना पंधरा दिवसांच्या झोपेच्या गोळ्या मिळाल्या. काय झाले, असे कोणी विचारले नाही. मी समुपदेशनाविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "बोलायचं आपण, आणि वर पैसेही आपणच द्यायचे?" आमच्या घरच्या महिनाभराच्या स्वयंपाकाचे त्यांना तीन हजार मिळतात. (ते कमी आहेत, हे मला ठाऊक आहे.) म्हणजे दोन बैठकांचे मोल त्यांच्या एका महिन्याच्या कष्टाएवढे झाले. प्रस्तुत प्रश्न हा असा मुळात अर्थशास्त्राचाच आहे.

मानसोपचार म्हणजे वेडावरील इलाज, ही समजूत अजून गेलेली नाही. वस्तुतः त्याची क्षेत्रे अनेक आहेत. भीतीने घराबाहेर न पडणाऱ्यास त्या भीतीला थोडी थोडी सामोरी जाण्याची सवय लावावी लागते. स्वतःला सतत दोष देणाऱ्यास त्या दोषारोपाचा पुरावा तपासावयास शिकवावे लागते. अल्बर्ट एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. व्यसनात समूहाचा आधार लागतो. पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' वाचकांस परिचित आहेच. काही तीव्र मनोविकारांत औषधांवाचून चालत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक कोणत्याही उपचाराविना आढळले. ही कमतरता पदवीधर तज्ज्ञांच्या बळावर भरून निघणे एका पिढीत तरी शक्य नाही.

ती निराळ्या मार्गाने भरता येते, हे मात्र आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले, देखरेखीखाली उमेदवारी करविली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठकांसाठी बसविले. पद्धत जवळपास माझ्या वहीचीच होती: काय सोडून दिले, त्यातले लहानसे काय पुन्हा करता येईल, अडचण कोणती. समुपदेशक आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण एकत्र ऐकून परस्परांच्या चुका दाखवीत. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण या रुग्णांत ६४ टक्के होते, तर केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. मद्यपानासाठीच्या समुपदेशनाचे यश याहून माफक होते.

यावर आपल्याच चळवळीतील मित्र म्हणतात, की कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला गप्पांची नव्हे, भावाची गरज आहे. विषमता हा रोग आणि समुपदेशन ही मलमपट्टी. यात तथ्य नाही असे नाही. शेतमालाचा भाव कोसळला, की सारा दोष शेतकऱ्याच्या 'खचलेल्या मना'वर टाकणारे शासन आपण पाहिले आहे. परंतु नैराश्याने अंथरूण धरलेला माणूस मोर्च्याला येत नाही, पीकविम्याचा अर्जही भरत नाही. भाव मिळेपर्यंत त्याने जगले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्यग्रस्तांपैकी कोणाकडे तरी मदतीसाठी गेलेल्यांचे प्रमाण तेथे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. शेतमालाच्या भावाचा लढा त्यामुळे थांबला असे कोणी म्हणणार नाही.

माझ्याच विषयातील रिचर्ड लेयार्ड यांनी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्यासह इंग्लंडमध्ये निराळा युक्तिवाद केला: उपचाराने माणसे कामावर परततील, भत्ते वाचतील आणि खर्च आपोआप वसूल होईल. २००८ पासून तेथे सार्वजनिक आरोग्यसेवेतून असे उपचार मोठ्या प्रमाणावर मिळू लागले, याचे श्रेय त्या युक्तिवादाला आहे. तरीही मला तो धोक्याचा वाटतो. वसुली हाच निकष ठरला, तर ज्या वृद्धेकडून सरकारी तिजोरीत एक पैसाही परत यावयाचा नाही, तिला रांगेतून उठविले जाईल. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून असा उपचार मिळविण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तेथे नफ्यातोट्याची अट नाही.

अडते ते वेतनापाशी. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि अडल्या वेळी तो उपयोगी आहे. पण पुढल्या आठवड्यात त्याच चेहऱ्यासमोर पुन्हा बसता यावे, ही सोय निराळी. ती करावयाची म्हटली, की अधिकाऱ्यांना प्रथम आठवते ती आशा स्वयंसेविका. याच आशा २०२३ च्या अखेरीस मानधनासाठी महाराष्ट्रात संपावर होत्या. लसीकरण, बाळंतपणे, सर्वेक्षणे आणि आता गावाचे दुःखही त्यांच्याच पदरात, तेही मानधनावर! ऐकून घेणे हे श्रम आहेत, आणि थकविणारे श्रम आहेत. गोव्यातील समुपदेशकांजवळ त्यासाठी राखून ठेवलेला वेळ होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शहरांतील पालिकेच्या दवाखान्यांत समुपदेशकाचे एक पूर्णवेळ, कायम, सवेतन पद. त्यावर स्थानिक बोली जाणणारी व्यक्ती. तिच्या कामावर देखरेख करणारा जिल्हा पातळीवरचा तज्ज्ञ. आणि बसावयास दार लावता येईल अशी एक खोली. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपल्या आमदारांनी या पदांसाठी किती तरतूद आहे, हा लेखी प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर या पानावर छापावयास पाठवावे.